डाव्या कानात चार थेंब

डाव्या कानात चार थेंब, उजव्यात तीन.
सकाळ-संध्याकाळ, दहा दिवस.
इंगवले डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय
आणि वर तोंडी सांगितलंय :
"बाटली आधी मुठीत धरून कोमट करा,
गार थेंब कुणालाच आवडत नाही."

मी बाटली मुठीत धरते
तेवढ्यात खारीला कळतं.
(गंगावेशीच्या बेकरीमागं सापडली, म्हणून खारी.)
झाकण अजून उघडलेलंही नसतं
आणि ही फ्रिजच्या मागं,
जिथं झाडू जात नाही, माझा हात जात नाही.

पहिल्या दिवशी एकटीनंच धरलं तिला.
सहा थेंब भिंतीवर, एक माझ्या डोळ्यात.
मनगटावर तिनं जे काय लिहिलं
ते वाचून भाजीवाली शकीला म्हणाली,
"काय वो काकी, सुनंसंगं भांडलासा व्हय?"
सून नाही आम्हाला.

दुसऱ्या दिवसापासून हे.
अडतीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभे,
शेजारी पॉवर प्रेस.
लोखंडानं बोटं सोडली, कान घेतले.
मुलीनं पुण्याहून आणलेलं कानाचं मशीन
कपाटात, लाइटबिलांच्या खाली,
सेल काढून ठेवलेलं.
"कानात किडा बसल्यागत वाटतंय," म्हणतात
आणि मान अशी झटकतात,
की परवापासून मला हसू आवरत नाही.

पण धरावं तर यांनीच.
जुना टॉवेल पसरून म्हणतात,
"घाई करायची न्हाय. जॉब आधी नीट बांधायचा."
चार पाय आत, एक डोकं बाहेर.
ती ओरडते. उत्तरेश्वरातली अख्खी गल्ली ऐकते.
तालमीतली पोरं जोर काढता काढता थांबतात.
यांच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती हलत नाही.
मी कानाची पाळी उलटते,
आत काळपट, चहाच्या चोथ्यासारखं.
एक. दोन.
"झालं काय?" हे मोठ्यानं.
तीन.
"अजून एक!" मी त्याहून मोठ्यानं.
बिचारीच्या दुखऱ्या कानाशीच
आम्ही दोघं बोंबलतोय.

मग कानाच्या मुळाशी चोळायचं,
औषध आत उतरेपर्यंत.
आतून चुळचुळ आवाज येतो
पावसात भिजलेल्या चपलेसारखा.
तो फक्त मला.

सहाव्या दिवशी टॉवेल सोडला
तरी ती लगेच गेली नाही.
दमली असेल. किंवा खाज कमी झाली असेल.
यांनी तिच्या पाठीवर पंजा ठेवला,
अगदी सपाट,
जसा चालत्या मशीनवर ठेवायचे
बेअरिंग गेलंय का बघायला.
डोळे मिटलेले. बराच वेळ काही नाही.
"चालू हाय," म्हणाले.
"लई बारीक. पण चालू हाय."

मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं.
मी वाकून तिच्या पाठीला कान लावला
आणि तिनं डोकं झटकलं,
सातच्या सात थेंब
यांच्या चष्म्यावर, माझ्या कुंकवावर.
हे हसले. मग मला विचारलं,
"काय म्हणाली?"

औषधाचे अजून चार दिवस आहेत.
रात्री लाइटबिल शोधायला कपाट उघडलं
तर हाताला ते कानाचं मशीन लागलं.
उगाचच धरून बसले मुठीत
थोडा वेळ.
गार होतं.