रिकाम्या खोलीचा आवाज

भूपत वाळंद लग्नांचे व्हिडिओ काढायचा.
त्या साली मुहूर्त कमी होते,
म्हणून त्याने भुताचा सिनेमा काढला.
फिल्म उधारीची, तारीख उलटलेली.
रक्त गुलाबाच्या सरबताचं, मुंग्या फुकट.
नायिका पाणीगेटच्या पार्लरमधली, पाचनंतर मोकळी.
कवटी फाइन आर्ट्सच्या एका पोराने दिली
परत करायच्या बोलीवर.
आवाज मी.

दिघेभाई, म्हणाला, टेपमध्ये एक बाई हवी,
मेलेली, पण बोलणारी,
आणि तिला पैसे द्यायचे नाहीत.

शुक्रवारच्या बाजारात जुन्या कॅसेटी किलोवर मिळायच्या.
दीड किलो घेतल्या.
गरबे, सत्यनारायण, कुणाचं तरी 'इंग्रजी बोला'.
त्यांच्यावरच मी माझं काम उतरवत गेलो:
गोरव्याच्या बंद बाटली-कारखान्याचं दार,
विश्वामित्रीच्या पुलाखालचं पाणी,
मगर दिसली नाही, तरी लांबूनच घेतलं,
आणि दोन मिनिटं रिकाम्या खोलीचा आवाज,
जो प्रत्येक सिनेमाला लागतो
आणि कुणालाच ऐकू येत नाही.

माझ्या मशीनचं पुसणारं हेड झिजलं होतं.
रिकाम्या खोलीत, दाराच्या करकरीखाली,
एक बाई राहिली होती.

'जिन्यातला दिवा परत गेला. आता शिडी कुणाकडे मागू.
कढीपत्ता मात्र लागलाय हं या खेपेला.
मस्कतला मिळतो का रे कढी—'
आणि मग माझं दार.

अकरा सेकंद.

भूपतने ते निम्म्या वेगाने लावलं.
शिडी खोल गेली, जाड झाली,
कढीपत्ता विहिरीतून वर आला.
त्याच्या हातावर काटा. आ तो जोरदार छे!
अर्थ सांगू का, मी विचारलं.
ना ना, अर्थ खबर पडे तो बीक जती रहे.

बोडेलीला चालला, डभोईला चालला,
गोध्र्यात तर दोन आठवडे.
अंधारात माणसं शेजाऱ्याचा हात धरायची
माझ्या घरच्या भाषेला घाबरून.
मी मागे उभा राहून बघायचो.
आमच्या दांडिया बाजारात चार पिढ्या गेल्या
भाजी गुजरातीत घेण्यात, भांडण मराठीत करण्यात,
पण एवढी दहशत आमची कधी नव्हती.

मग बडोद्यात, मंगळवारी, मॅटिनीला
तेरा माणसं.
आवाज आला तेव्हा कुणी ओरडलं नाही.
एकजण उठून उभा राहिला.
मागचा म्हणाला, बेसो ने काका.
तो बसला.

सुटल्यावर जिना चढून मशीनच्या खोलीपर्यंत आला.
सफारी, खिशाला दोन पेनं, कोरडी छत्री.
सकपाळ, म्हणाला. वाडी, रंगमहाल.
भुताचं काही विचारलं नाही.
म्हणाला, ती इतकं हळू बोलत नव्हती.
घाई असायची तिला.
कॅसेट संपेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी घरी बोलावलं.
खरा वेग. हेडफोन एकच होता, तो त्याला दिला.
अकरा सेकंद मी त्याच्या तोंडाकडे बघत बसलो,
आणि मला ऐकू येत होता
पंखा, खालच्यांचा कुकर, त्याचं नाक,
रिकाम्या खोलीत जे जे असतं ते.

त्याने हेडफोन काढला.
रुमालाने पुसला, दोन्ही बाजूंनी.
ही ती नाही, म्हणाला.
आमच्याकडे कढीपत्ता कधी जगलाच नाही.

मी कॅसेट बाहेर काढायला गेलो
तर त्याने झाकणावर बोट ठेवलं.

परत लावा.