तीस सेकंद बाकी

आज वाऱ्याने ताळ सोडलाय.
पुंता अरेनासच्या चौकात दोर बांधलेत, धरून चालायला.
एका हातात दोर, दुसऱ्यात हत्यारांची पेटी,
मी ओर्फेलिनाबाईंच्या दारात पोचते तोवर
माझी टोपी मागच्या गल्लीत
स्वतःच्या कामाला निघून गेलेली.

"मेला," बाई म्हणतात, ओट्याकडे बोट दाखवून.
"काल रात्री. सूप फिरत होतं आतमध्ये,
तीस सेकंद राहिले होते.
ना घरघर, ना दिवा.
येतोसुद्धा म्हणाला नाही."

मेला हा शब्द मी वहीत लिहीत नाही.
लिहिते : अचानक बंद.

आधी भिंतीवर संशय घ्यायचा.
त्याच सॉकेटला बाईंचा टेबलदिवा लावते. लागतो.
भिंत सुटली.
प्लग काढते, ओव्हन पालथा घालते.
सहा स्क्रूंच्या जागी पाच :
माझ्याआधी कुणीतरी आत डोकावलंय.
"दीर," बाई म्हणतात. "एलियोदोरो.
नुसतं बघितलं म्हणे."

नुसतं बघताना माणसं जातात, बाई.

ड्रागोमास्तरांनी मला पहिला धडा दिला तो हाच :
डावा हात खिशात.
उजव्या हाताला चुकायचं असेल तर एकट्याने चुकू दे.
तो चंदेरी डबा दिसतो ना, कपॅसिटर,
त्याला अजून कळलेलं नसतं की प्लग काढलाय.
बहुतेकदा रिकामाच असतो,
पण बहुतेकदा या शब्दावर
मास्तरांच्या एका बोटाचं नख कधी परत आलं नाही.

पेचकस टेकवते.
टक्.
एवढीशी निळी ठिणगी, रात्रभर जपलेली.

बाई हसत नाहीत.
"मार्चमध्ये गोदीतून काढलं त्याला," म्हणतात.
"अजून पाचला उठतो. बूट घालतो.
धक्क्यावर जाऊन उभा राहतो, भिजून परत येतो.
जॅकेट इथे अडकवतो, या दांडीला,
शेगडीची ऊब लागते म्हणून."

मी दांडीकडे बघते.
मग बिजागरीकडे.
दार तांदळाच्या दाण्याएवढं खाली आलंय.

आता फ्यूज काढून बघायची गरज नाही,
तरी काढते. काच काळी.
दारामागे तीन स्विच असतात, लहान, हट्टी,
ठरल्या क्रमानेच दबणारे नि सुटणारे.
क्रम चुकला की तिसरा वीज अडवतो
आणि फ्यूज स्वतःला जाळून घेतो.
घरातली माणसं भाजू नयेत म्हणून.
म्हणजे काल रात्री
सूप ज्याच्यासाठी तापत होतं तोच आला,
ओलं जॅकेट टांगलं,
आणि अंधार झाला.

हे मी बाईंना सांगते का?
सांगायला तोंड उघडते तेवढ्यात
मागच्या दाराने वारा आत येतो, आणि त्याच्या मागोमाग
एलियोदोरो, ठिबकत.

"काय झालं होतं?"
"फ्यूज," मी म्हणते.
खोटं नाही. पुरतं खरंही नाही.
बाई माझ्याकडे बघतात, मग दांडीकडे, मग त्याच्या हाताकडे,
सवयीने पुढे आलेल्या.
एक शब्द न बोलता पेटीतली माझी हातोडी उचलतात
आणि दाराच्या चौकटीत खिळा ठोकतात,
वाकडा.

नवा फ्यूज. बिजागरी कसून घेतली.
कपभर पाणी, एक मिनिट :
पाण्यात बोट घालवत नाही, म्हणजे झालं.
हे पाणी बाई फेकत नाहीत,
त्यात चहाची पुडी सोडून माझ्या हातात देतात.
"टोपी नाही डोक्यावर. पिऊन जा."

कालचं सूप पुन्हा आत.
एलियोदोरो समोर उभा, दोन्ही हात खिशात,
उलटे आकडे वाचत.
वाजायच्या आधीच उघडतो दार, सगळेच उघडतात.
मी चहाचा घोट तोंडात धरून ऐकते :
टिक्.
टिक्.
टिक्.
क्रमाने.