सोहार, खोली क्रमांक चौदा

इथे रविवार शुक्रवारी येतो.
उपासना आटोपून मी मजुरांच्या कॅम्पवर गेलो,
खिशात पत्रकं, ओठांवर घोकलेलं पहिलं वाक्य.

परांचीवरून पडलेला झरवली खान
खालच्या बंकवर, कमरेला पट्टा.
म्हणाला, भाईजान, नेलकटर मिळेल?
तीन आठवडे वाकताच आलं नव्हतं त्याला.

शेजारच्या खोलीतून आणलं. फरशीवर बसलो,
त्याची टाच मांडीवर घेतली.
भेगांत सिमेंट अजून.
नखं इकडेतिकडे उडायला लागली,
तेव्हा खिशातलं एक पत्रक उलगडून
पायाखाली धरलं.

पहिलं वाक्य राहूनच गेलं.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.

शेवटी त्यानं करंगळी हलवून पाहिली,
उशाखालचा खजुराचा पुडा पुढे केला:
सकाळपासून उपाशी दिसतोस.

होतोच. उपास होता.
मोडला.