दोन टन पाणी

कॅटलॉगमध्ये सगळ्याच हौदांचं पाणी निळं होतं.
पाळक ऑने यांना पुढून काच असलेला आवडला,
व्हर्नाला सगळ्यात स्वस्त,
म्हणजे गुरांना पाजायचा पत्र्याचा.
मला कुणी विचारलं नव्हतं. पण मी प्लंबर,
गळलं की शेवटी माझ्याच नावानं हाक येते.

म्हणून मी विचारलं,
शाळेच्या जिमचं दार किती रुंद?
नळ कुठे? जमीन लाकडी की काँक्रीट?
रिकामा उचलायला किती माणसं लागतात,
आणि रविवारी जेवणानंतर त्यातली किती उरतात?

हौद हलका असतो, पाणी नसतं.
कमरेइतकं म्हणजे दोन टन,
बास्केटबॉलच्या पॉलिश केलेल्या फळ्यांवर.
पाळक म्हणाले, आपण जुलैपर्यंत थांबू या का?
जुलैत आम्ही सरोवरातच उतरतो,
दात वाजवत, प्रभूचं नाव अर्धं तोंडात.

पण डुलुथमध्ये तेव्हा फेब्रुवारी होता,
सरोवरावरून लोक पायी चालत होते,
आणि ऑर्व्हिल हॉकेनसनला
डॉक्टरांनी जुलै दिला नव्हता.

ऑर्व्हिल. लोहखनिजाच्या जहाजांवर
अडतीस वर्षं आचारी.
पोहायला कधी शिकला नाही.
पाण्यात पडलं की येतं पोहता, असं म्हणतात,
तो पडलाच नाही कधी. बटाटे सोलत राहिला.

शेवटी ओ क्लेअरच्या एका मंडळीकडून
जुना घेतला, घडीचा, एका बाजूला ठिगळ,
आत-बाहेर पायऱ्या, धरायला दांडा.
उघडला तर जुन्या रेनकोटचा वास.

शनिवारी पाच वाजता नळी जोडली
सफाईवाल्या श्रीमती ट्वाइट यांच्या कोठडीतून.
भरायला चार तास.
पाण्यानं लगेच चहाडी केली:
उत्तरेची कड एक बोट खाली.
सगळं उपसलं, प्लायवूड सारलं, पुन्हा भरलं.
रात्रभर हीटर.

माणूस आत उतरण्याआधी प्लग काढायचा,
असं मी कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं.
पाळकांनी त्याखाली एक वचन लिहिलं.
मी वचनाखाली पुन्हा लिहिलं: प्लग.

झगा पाण्यावर तरंगू नये म्हणून
व्हर्नानं काठात वॉशर शिवले होते,
माझ्याच डब्यातले, अर्ध्या इंचाचे, चौदा.
ऑर्व्हिल चालला की बारीक वाजायचे.

पायरीशी त्यानं माझा हात धरला, पाळकांचा नाही.
किती खोल आहे?
कमरेइतकं.
तिकडे खाली तेराशे फूट होतं, तो म्हणाला,
त्याची नव्हती वाटली इतकी भीती.

उतरला. पाणी चढलं,
काठापर्यंत आलं, थांबलं.
आणि मी, काय सांगू,
मी ठिगळाकडे बघत होतो.
ताडपत्रीवर एक ओली रेघ दिसली,
मी गुडघ्यावर बसलो, बोटानं पुसली,
पुन्हा येते का ते बघत राहिलो.
डोक्यावर कुठेतरी पिता, पुत्र,
मग एक मोठा आवाज, जसा
जहाजाच्या कडेवरून बादली रिकामी करताना होतो,
मग सगळे टाळ्या वाजवत होते.

वर पाहिलं तेव्हा तो बाहेर आला होता,
चष्म्याशिवाय, हसत, नाकातून पाणी.
रेघ पुन्हा आली नाही.

पंपानं उपसायला सहा वाजले.
कापड दोन दिवस माझ्या गॅरेजमध्ये टांगलं,
ओलं घडी घातलं की बुरशी धरते.
ऑर्व्हिल एप्रिलमध्ये गेला,
बंदरातला बर्फ फुटला त्या आठवड्यात.

आता दुसऱ्या मंडळ्यांचे फोन येतात,
कोणता घ्यावा म्हणून.
मी दाराची रुंदी विचारतो, जमीन विचारतो,
प्लगचं दोनदा सांगतो.
आणि त्या दिवशी उतरणारा
तुमच्या ओळखीचा असेल,
तर म्हणतो, सांध्यांकडे बघायला
दुसरा कुणीतरी ठेवा.