विस्तव

सप्टेंबर सरत आला की आमच्या गल्लीत
एकच वास: भाजल्या मिरचीचा.
वाळत घातलेल्या चादरींत शिरतो, पावात शिरतो,
पोस्टमनच्या पिशवीतल्या वीजबिलांनाही लागतो.

यंदा परसातून चाळीस किलो निघाल्या,
अठ्ठावीस आमच्या, बारा यागोदाच्या.
लाल, जाड सालीच्या, तिखटपणा नावाला नाही.
दोन्का म्हणाली, पुढच्या वर्षी निम्मीच रोपं लावू.
लग्न झाल्यापासून दर वर्षी म्हणते.

माझं काम जाळाचं.
पत्र्याची चूल, तीन पायांची, चौथ्याला वीट.
मिरच्या काळ्या पडेस्तोवर उलटायच्या,
मग पिशवीत कोंबून तोंड बांधायचं,
आतल्या आत घामेजल्या की साल सुटते.
लाकूड कुठलं ते विचारू नका.

सोलायला दोघी, एकाच बाकावर, मध्ये बादली.
मार्चपासून दोघींमध्ये विस्तव जात नाही.
कुंपणावरचं अक्रोडाचं झाड.
कुणी पाडलं, कुणाच्या सांगण्यावरून,
या भानगडीत मी पडत नाही.
करवत माझी होती.

पण कढई दोघींची.
अर्धे अर्धे पैसे घालून स्ट्रुमित्साच्या बाजारातून आणलेली,
एवढी मोठी, की यागोदाच्या ब्लागोयला
तान्हेपणी तिच्यातच न्हाऊ घालायचे.
आता तो माल्मोला ट्रक चालवतो.
झाड पाडता येतं.
कढईचे दोन तुकडे कसे करणार?

तर दोघी आल्या. बोलल्या मात्र कढईशी.
"तेल हवंय," असं कढईला.
"आता दुसऱ्या कुणी ढवळावं," हेही कढईलाच.
लाकडी उलथणं या हातातून त्या हातात गेलं,
बोटं बोटांना लागू न देता.
चार तास.
उलथण्यामागे तळ दिसायला लागला,
वाट फुटावी तसा, आणि लगेच मिटेनासा झाला,
तेव्हा दोन्काने मला नजरेने सांगितलं: जाळ ओढ.

एकतीस बरण्या. उकळत्या भरल्या, झाकणं आवळली,
उलट्या केल्या, पुन्हा सुलट्या,
आणि स्वयंपाकघराच्या जमिनीवर
माझ्या लष्करातल्या कांबळ्याखाली निजवल्या.
निवताना झाकण आत ओढलं जातं, टक् करतं.
टक् झालं की ती बरणी हिवाळ्याची.
तोवर कुणी झोपत नाही.
यागोदाही थांबली. पंधरा तिच्या होत्या.

दिवा घालवून बसलो.
टक्.
बराच वेळ काही नाही. मग लागोपाठ तीन.
दोघींचे ओठ हलत होते, मोजत होत्या,
वेगवेगळ्या, एकच आकडा.
तीस झाले. घड्याळ ऐकू यायला लागलं.
मी जांभई दिली तर दोघींनी मिळून मला गप्प केलं.

"वाजली?" यागोदाने विचारलं. कांबळ्याला नव्हे.
"नाही," दोन्का म्हणाली.

न वाजलेली बरणी ठेवता येत नाही.
फेब्रुवारीत बर्फ दाराला लागेल तेव्हाची ती नाही,
माल्मोच्या बसने जाणारी नाही,
पाहुण्यांची नाही, कुणाच्या वाट्याची नाही.
म्हणून रात्री साडेअकराला पाव कापला,
पांढरं चीज काढलं, आणि तिघं
एकाच बरणीत चमचे घालून जेवलो.
दिवसभर चाळीस किलो हाताळूनही
तोवर कुणी चव घेतली नव्हती.

"मीठ कमी आहे."
"तूच घातलंस."
"तू बघत होतीस की."

बरणी बोटाने पुसली गेली. कुणाच्या, ते सांगत नाही.
यागोदा उठली. बाहेर थंडी पडली होती,
तिच्या घरातली चूल दिवसभर विझलेली.
दोन्का माझ्याकडे न बघता म्हणाली,
"दे तिला खोरंभर निखारे."

मी राख बाजूला सारली. दिले.
खोऱ्यावर लाल उजेड, त्यात यागोदाचं नाक,
हुंगत होती.
मी विटेकडे बघत राहिलो.

"अक्रोड," ती म्हणाली.
"निखारा चांगला धरतो."