आप्तभाव चाचणी

उम्म-अल-कुवैनच्या खोरात ओहोटी पहाटे चारला.
नासिर पारकर होडी धरून उभा, मी गुडघाभर चिखलात,
खारफुटीच्या श्वासमुळांमधून नळी खुपसते.
वीतभर काळा गाळ, कुजक्या अंड्याचा वास.
"बाय, ह्या रेंद्यात तुका काय गावतां?"
सूत्रकृमी, मी सांगते. जिवंत दोरा.
चिमटीत शंभर मावतात.

प्रयोगशाळेत गार हवा. चाळणी, मग ग्लिसरीन,
मेणाच्या कड्यात एकेकाला निजवायचं
आणि प्रश्न विचारायचे.
तोंडात दात किती?
शेपूट निमुळती की बोथट?
नराचा काटा कितपत वाकडा?
तो बोलत नाही. मोजपट्टीखाली पडून राहतो.

आबांनाही विचारलं होतं असंच, समितीपुढे, तिसऱ्या खेपेला.
देव कुठला?
मेलेल्याला पुरता की जाळता?
घरात बोलता ते शब्द जरा म्हणून दाखवा.
पन्नास सालाआधीचा कागद?
आबा चामड्याच्या बाहुल्या नाचवायचे.
म्हणाले, पणज्याच्या हातची चित्रं आहेत, पेटीभर.
चित्रांवर शिक्का नव्हता.

शेपटीवरून फसायला होतं, डॉक्टर शम्सा म्हणतात.
एका गाळात राहून परके सारखे दिसू लागतात,
सख्खे समुद्रापार जाऊन वेगळे.
म्हणून आतलं वाचायचं: चार अक्षरं, पुन्हा पुन्हा तीच चार.
यंत्र रात्रभर झाड काढत बसतं,
फांदी मोडतं, जोडतं, परत मोडतं.

सकाळी आमचा खोरातला कृमी
कर्लीच्या खाडीतल्या एकाला चिकटून.
कर्ली म्हणजे आमच्या गावाखालून जाते तीच.
कोण कुणाकडून आलं? गलबताच्या नीरमातून,
खजुराच्या परतीच्या खेपेत?
की गलबत, खजूर, माणूस, कशाचाच पत्ता नव्हता तेव्हा?
बेचक्यात बारीक आकडा: त्रेसष्ट.
शंभरदा झाड काढलं, त्रेसष्टदा ते शेजारी बसले.
सदतीसदा नाही.

"काय लिहू?"
"जाती अनिश्चित." डॉक्टर शम्सा चहात केशर ढवळतात.
"घाई कसली? पुढच्या ओहोटीला अजून गाळ आण."

इतकं सोपं.
मी पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहिते, शाई स्पिरिटमध्ये विरघळते म्हणून.
अनिश्चित. अक्षर जरा मोठंच येतं.

फोन थरथरतो. धाकटा, भालचंद्र. चौदाला सुनावणी.
ताई, बाहुल्यांच्या पेटीला आपल्यात काय म्हणतात गं,
आबा म्हणायचे तो शब्द? मला आठवतच नाहीये.

मी सांगते. तो दोनदा म्हणून बघतो.
मग दिवसभर, भिंगाला डोळा लावून,
वाटत राहतं, तो आबांचाच शब्द होता
की शेजारच्या वाडीतला.