तिसरा पांढरा

एजन्सीची दोघं सकाळच्या बोटीने आली, ब्वेनोस आयरेसहून.
लुदमिला, आणि तिच्याबरोबर फाकुंदो,
फारसं न बोलणारा, बुटांना नाड्या नसलेला.
मी थर्मास उघडला, मातेचा भोपळा पुढे केला.
"साखर नाही घालत तुम्ही?" लुदमिला म्हणाली
आणि वहीत काहीतरी टिपलं.
जुलैचं वारं नदीवरून थेट जिन्यात घुसत होतं.

आम्ही लिफ्ट दुरुस्त करतो.
मोंतेविदेओतल्या जुन्या इमारतींच्या, जाळीच्या दारांच्या,
ज्या मजल्याच्या चार बोटं खालीच थांबतात
आणि माणसाला पाय उचलून आपल्या संसारात शिरावं लागतं.

जुनी वेबसाइट वॉशिंग्टनने केलेली, दोन हजार चारमध्ये,
रात्रपाळीला, फोन वाजत नसताना.
पिवळ्या पानावर फोन नंबर लालभडक, बोटाएवढा,
तळाशी भेटी मोजणारा आकडा: एकेचाळीस हजार सातशे बारा.
निम्म्या त्याच्या स्वतःच्याच असणार.
वॉशिंग्टन गेला तो पासवर्ड घेऊनच.

"तुमचा ग्राहक कोण?"
मालक म्हणाले, इमारतींचे व्यवस्थापक.
फाकुंदोने पडद्यावर एक बाई आणली:
मार्तिना, वय चौतीस, सायकल, एक कुत्रा, वेळ कमी.
मी मार्तिनाला ओळखत नव्हते.

मी ओळखते ओलिंदा पेइरूबाईंना,
दुरास्नो रस्ता, चौथा मजला, वय एक्याऐंशी.
रविवारी रात्री नऊला त्यांची लिफ्ट अडकते.
मी विचारते, दिवा चालू आहे? श्वास नीट?
त्या म्हणतात, चालू आहे. आज पालकाचा पाय केला होता,
एकटीला जरा जास्तच झाला.
मग आमचं बोलणं होतं वीसेक मिनिटं
आणि लिफ्ट आपोआप सुटते.
नोंदवहीत मी लिहिते: बिघाड किरकोळ.
एवढं त्या चौकोनी चिठ्ठीवर मावलं नसतं,
म्हणून मी गप्प बसले.

दुसऱ्या खेपेला रंग आले. पांढऱ्याच्या सहा छटा.
मला सहाही पांढऱ्याच दिसल्या.
मालकांनी बराच वेळ मान तिरकी करून पाहिलं,
तिसरा पांढरा घेतला.
"पानाला श्वास घेऊ द्या," लुदमिला म्हणाली.
अडकलेल्या माणसांना मीही तेच सांगते,
पण तासाला इतके पैसे लावत नाही.

मग गाळणं सुरू झालं.
संस्थापकांचा मिशीवाला फोटो गेला. भेटींचा आकडा गेला.
वॉशिंग्टनच्या शेवटच्या पानापाशी तिचं बोट थांबलं:
*अडकला असाल तर खाली बसा.
दार ओढू नका. वरून हवा येते. खरंच येते.
आम्ही निघालो आहोत.*
"एवढं कोण वाचतं?"
मी म्हटलं, हे राहू द्या.
"काही आकडेवारी आहे?"
नव्हती.

तेव्हा फाकुंदो म्हणाला, "हे कुणी लिहिलं?"
मी सांगितलं.
त्याने पुन्हा एकदा वाचलं, ओठ हलवत.
"'खरंच येते,'" तो म्हणाला. "हे मला सुचलं नसतं."
पान राहिलं. करड्या अक्षरांत, तीन क्लिक आत,
पण राहिलं.

सप्टेंबरात नवी वेबसाइट उघडली. मालकांनी केक आणला.
देखणी झाली आहे, खोटं कशाला बोलू.
जत्रेला निघालेल्या पोरासारखी न्हालेली.
सोबत फोनलाही नवा आवाज बसवून दिला,
गोड, घाई नसलेला, कुठल्याच गावचा नसलेला.

रविवारी नऊ वाजले. सव्वानऊ.
मी नोंदवहीचे कोपरे सरळ करत बसले.
साडेनऊला फोन आला.
"निबिया? किती वेळ झाला, कुणी पोरगीच उचलते आहे.
मी म्हटलं, नवी दिसतेस, जेवलीस का?
तर म्हणते, दोन दाबा."
"मग?"
"दाबला की. दुसरा मजला.
आता इथे उभी आहे, शेजाऱ्यांच्या दारात.
काय सांगू त्यांना?"